बर्फ कारखान्यातली अमोनिया गळती: लेप दिलेला ऑप्टिकल फायबर आपल्या दमट हवेत टिकेल का?

खाडीपलीकडचा
नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या मुखाशी आमच्या मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना आहे. जुन्या पद्धतीचा, अमोनियावर चालणारा. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, मिठाच्या पाण्याची टाकी आणि त्यात बुडवलेले डबे. कार्यकारिणीत सुरक्षेचं काम माझ्याकडे आहे. गेल्या हंगामाच्या शेवटी ऑईल काढताना व्हॉल्व्हमधून गॅस सुटला. दोघांचे डोळे जळजळले, एकाला दवाखान्यात ठेवावं लागलं. भिंतीवर डिटेक्टर होता, पण तो आधीच बंद पडलेला. उघडून पाहिला तर आतल्या सर्किटवरची तांब्याची रेघ हिरवी पडून तुटली होती.

नवा डिटेक्टर घ्यायचाच आहे. पण माझी पुतणी पुण्यात फोटॉनिक्स, म्हणजे प्रकाशाचं तंत्रज्ञान, शिकते. ती म्हणाली, ऑप्टिकल फायबरचा थोडा भाग सोलून त्यावर रसायनाचा पातळ लेप दिला की तो गॅस ओळखतो, आणि त्या टोकाला ना वीज लागते ना तांबं. मला हे फार पटलं. इथे कोणी हे काम केलंय का? आषाढात आमच्याकडे भिंतींना घाम फुटतो, त्या हवेत लेप कितपत टिकेल? आणि लहान सोसायटीला परवडेल असं काही होईल का?

देवबागचो
मी मालवणाक आईस फॅक्टरीत ऑपरेटर आसंय. आमची रीत जुनी. गंधकाची काडी पेटवची आणि जोडाकडे धरूची, अमोनिया असलो तर पांढरो धूर येता. नायतर तांबडो लिटमस कागद ओलो करून फिरवचो, निळो झालो काय समजूचा. ह्या खिशात असला काय माका मशीन कशाक व्हया?

शंकेखोर
देवबागचो, तुमची काडी गळती *कुठे* आहे ते सांगते, पण त्यासाठी तुम्हाला तिथे जावं लागतं. रात्री दोन वाजता पाळीवर एकच माणूस असतो आणि तो डब्यांवर असतो. त्याला कोण सांगणार?

बोंबीलप्रेमी
नाक सांगतं की. अमोनियाचा वास पाच-दहा पीपीएमलाच (हवेच्या दहा लाख भागांत पाच-दहा भाग) येतो.

शंकेखोर
येतो, पण रोज तिथे काम करणाऱ्याचं नाक सरावतं. आठ तासांच्या पाळीसाठी २५ पीपीएमच्या वर असू नये, थोड्या वेळासाठी ३५, आणि ३०० पीपीएमला जीव धोक्यात येतो, असे आकडे सुरक्षेच्या कामात धरतात. २५ आणि ३०० मधलं अंतर व्हॉल्व्ह फुटल्यावर काही श्वासांत संपतं. नाकाच्या भरवशावर कोणाला आत ठेवू नका.

प्रकाशवाट
मी प्रकाशशास्त्र शिकवते आणि माझं संशोधनही फायबर सेन्सरवरचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देवबागचो यांचा लिटमस कागद आणि खाडीपलीकडच्या दादांचा फायबर यांत तत्त्व एकच आहे. लेप दिलेला फायबर म्हणजे दुसऱ्या खोलीत बसून वाचता येणारा लिटमस कागद.

फायबरमध्ये मधे काचेचा गाभा असतो, भोवती किंचित कमी अपवर्तनांकाचं (म्हणजे प्रकाशाला कमी वळवणारं) आवरण. प्रकाश गाभ्यात आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. पण प्रत्येक परावर्तनाच्या वेळी त्याचा थोडा अंश गाभ्याच्या सीमेबाहेर डोकावतो, फार थोडा, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कमी अंतरापर्यंत. एरवी तिथे आवरण असतं, म्हणून आपल्याला ते कळत नाही. आवरण काढून तिथे अमोनियाने रंग बदलणारा लेप दिला की बाहेर डोकावणारा प्रकाश लेपात शोषला जाऊ लागतो आणि दुसऱ्या टोकाला उजेड कमी पोहोचतो. तेवढंच मोजायचं.

अमोनियासाठी ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा रंग बऱ्याच जणांनी वापरलाय. पीएच ५.२ च्या खाली पिवळा, ६.८ च्या वर जांभळा. जांभळा झाल्यावर तो ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे पिवळा-नारिंगी प्रकाश जोरात शोषतो. हवा स्वच्छ झाली की परत पिवळा होतो. ही उलटता महत्त्वाची, नाहीतर प्रत्येक गळतीनंतर फायबर बदलत बसावं लागेल. असं काम जुनं आहे. १९८३ सालीच काचेच्या नळीवर रंगाचा लेप देऊन अमोनियाची वाफ ओळखणारा सेन्सर प्रसिद्ध झाला होता.

दमट हवेबद्दल उद्या लिहिते, तो खरा अवघड भाग आहे.

केबल_जोडणारा
मी फायबर स्प्लायसिंगचं काम करतो, सावंतवाडी ते राजापूर. केबलचे तुकडे ढिगाने उरतात. खाडीपलीकडचा, हवे तेवढे देतो, फुकट!

प्रकाशवाट
केबलदादा, मनापासून आभार, पण टेलिकॉमचा फायबर यासाठी गैरसोयीचा. त्याचा बाहेरचा व्यास १२५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि प्रकाश जातो तो मधल्या नऊएक मायक्रॉनच्या गाभ्यातून. त्याचं आवरणही काचेचं. ते काढायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं. ते आम्ल कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. घरी किंवा कारखान्यात कोणीही ते हाताळू नका, अगदी कळकळीने सांगते.

या कामाला जाड गाभ्याचा काचेचा फायबर घेतात, २०० किंवा ६०० मायक्रॉनचा, ज्याचं आवरण प्लास्टिकचं असतं. ते ब्लेडने सोलता येतं. सोललेला भाग यू आकारात वाकवला तर प्रकाश सीमेवर जास्त आपटतो आणि सेन्सर जास्त संवेदनशील होतो. आपल्या आयआयटी मुंबईत असल्या यू फायबरवर सोन्याचे नॅनोकण बसवून जैविक चाचण्यांसाठी फार चांगलं काम झालंय.

गुहागरची_सून
वाचून आनंद झाला! मी हायड्रोजनवर काम करते. तिथे लेप पॅलेडियम धातूचा असतो. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतं आणि फुगतं. फायबरवर ते चढवलं की धातू फुगताना फायबरलाही ताणतं, आणि तो सूक्ष्म ताण प्रकाशाने मोजता येतो. १९८४ मध्ये अमेरिकेत बटलर यांनी हे दाखवलं. हायड्रोजनजवळ ठिणगी नको असते, म्हणून तिथे फायबर जवळचा वाटला.

आणखी एक वाट आहे. फायबरच्या आतच ठरावीक अंतरावर अपवर्तनांकाची जाळी कोरायची. ब्रॅग जाळी १९७८ मध्ये कॅनडात सापडली. लांब अंतराची जाळी १९९० च्या दशकात बेल लॅब्समध्ये आशीष वेंगसरकर आणि सहकाऱ्यांनी पुढे आणली. त्यांचं काम दूरसंचाराच्या फिल्टरसाठी होतं, पण त्या जाळीला बाहेरच्या लेपातला बारीक बदलही कळतो, म्हणून गॅसवाल्यांनी ती उचलली.

बोंबीलप्रेमी
वेंगसरकर! म्हणजे आमच्याकडचंच आडनाव की! वहिनी, आज रात्री जेवताना घरी हेच सांगणार. क्रिकेटमधले वेंगसरकर सगळ्यांना माहीत, हे कोणालाच नाही.

शंकेखोर
अभिमान वाटतोच. पण गुहागरच्या ताई, ती जाळी वाचायच्या यंत्राची किंमतही सांगा. लाखांत जाते. शिवाय ब्रॅग जाळी ज्या तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवते ती तापमानानेही सरकते, दर अंशाला दहाएक पिकोमीटर. कॉम्प्रेसर रूममध्ये दुपारी ऊन आणि शेजारी थंड पाईप, तिथे तापमानासाठी वेगळी जाळी ठेवावी लागेल. सोसायटीला ते झेपायचं नाही.

गुहागरची_सून
मान्य. तुमच्या कारखान्याला एलईडी, रंगाचा लेप आणि उजेड मोजणारा फोटोडायोड एवढंच पुरेल. मी फक्त क्षेत्र केवढं मोठं आहे ते सांगितलं.

लाटेवरची
मी मासळी प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत आहे. प्रकाशवाट ताई, एक मोठी अडचण तुमच्या लक्षात आली असेलच. मासा नरम पडायला लागला की त्यातून ट्रायमिथिलअमीन सुटतं. मासळीचा जो "वास" म्हणतो तो बराचसा त्याचाच. तेही अमोनियासारखंच अल्कधर्मी. ब्रोमोक्रेसॉलला त्या दोघांतला फरक कळत नाही. म्हणजे बर्फ घ्यायला आलेल्या टेम्पोत कालची मासळी असेल तरी फायबर जांभळा!

बोंबीलप्रेमी
मग हा फायबर बाजारात न्यायचा की! कोळीण म्हणते ताजी सुरमई, आपण फायबर लावायचा, जांभळा झाला की पुढच्या टोपलीकडे.

लाटेवरची
हसू नका, तसं खरंच करतात. मासळीच्या पाकिटात ब्रोमोक्रेसॉल ग्रीनची लहान पट्टी ठेवून रंगावरून ताजेपणा ओळखायचे प्रयोग झालेत. पण कोळिणीच्या डोळ्यांपुढे ती पट्टी टिकायची नाही. ती कल्ले उघडते, अंगठ्याने दाबते, बस.

देवबागचो
आमच्या आयेक तर दाबूचीय गरज नाय. डोळे बघता आणि सांगता खयच्या होडयेची मासळी ती.

प्रकाशवाट
लाटेवरची, अगदी नेमका मुद्दा. माणसं सेन्सरवर विश्वास ठेवायचं का सोडतात, त्याचं उत्तर यातच आहे. खोटा भोंगा पाच वेळा वाजला की सहाव्या वेळी कोणीतरी वायर काढून ठेवतो. उपाय दोन सुचतात. सेन्सर मासळीच्या बाजूला लावायचाच नाही, कॉम्प्रेसर रूममध्ये आणि ऑईल काढायच्या जागेजवळ लावायचा. आणि भोंग्याची पातळी २५ पीपीएमच्या आसपास ठेवायची. उघड्या हवेत मासळीच्या वासाने तेवढी पातळी सहसा गाठली जात नाही. उलट बाजूची अडचणही सांगते: डिझेलच्या धुरात आम्लधर्मी वायू असतात, ते रंगाला पिवळ्याकडे ओढतात. म्हणजे जनरेटरचा धूर आत येत असेल तर खरी गळती थोडी झाकली जाईल. जनरेटर कुठे आहे, दादा?

खाडीपलीकडचा
कॉम्प्रेसर रूमच्या पाठीमागेच आहे, ताई, खिडकीखाली. धुराडं वळवून घ्यावं लागेल. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

शंकेखोर
आता मी आणखी एक सांगतो. बर्फ कारखान्यातली सगळी गळती हवेत येत नाही. टाकीतल्या कॉइलला भोक पडलं की अमोनिया मिठाच्या पाण्यात विरघळतो. अमोनिया पाण्यात इतका सहज विरघळतो की हवेतल्या कोणत्याच सेन्सरला ते लवकर कळत नाही. तिथे टाकीच्या पाण्याचा पीएच पाहणं किंवा नेसलरचं द्रावण टाकून पिवळा-तपकिरी रंग येतो का ते पाहणं, हाच मार्ग. फायबर लावला म्हणून ही तपासणी थांबवू नका.

देवबागचो
ह्या बरोबर. आमच्या थय टाकीचा पाणी दर आठवड्याक बघतंव.

वाशिष्ठीकाठ
विषय थोडा बदलतो, माफ करा. आम्ही एका रासायनिक वसाहतीच्या खालच्या अंगाला राहतो. नाव लिहीत नाही. रात्री वारा पडला की वास खाली उतरतो, मुलं खोकतात, आणि सकाळी विचारायला जावं तर हवा स्वच्छ. असा फायबर गावाच्या कुंपणावर लावून आम्हाला पुरावा मिळेल का?

प्रकाशवाट
तुमचं दुखणं समजतं. पण तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. रंगाचा लेप काही ठरावीक वायूंच्या गटालाच ओळखतो. वसाहतीतून येणारा वास अनेक द्रव्यांचा मिसळलेला असतो आणि गावापर्यंत पोहोचताना पातळ होतो. पुराव्यासाठी हवेचा नमुना पिशवीत किंवा शोषक नळीत घेऊन गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासावा लागतो. वास आला ती वेळ, वाऱ्याची दिशा आणि कोणाला काय त्रास झाला, याची वही मात्र आजपासून गावात सुरू करा. नमुना घ्यायला लोक येतील तेव्हा कोणत्या वेळी यायचं ते त्या वहीवरूनच ठरेल.

वायू मिथेन असता तर गोष्ट वेगळी होती. मिथेन १.६५ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश स्वतःच शोषतो, तिथे लेपही लागत नाही, आणि तो प्रकाश काचेच्या फायबरमधून कित्येक किलोमीटर जातो.

केबल_जोडणारा
ताई, मग आमचा ओटीडीआर? आम्ही केबल कुठे तुटली ते त्यानेच पाहतो. प्रकाशाचा ठोका सोडायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, की तुटल्याची जागा कळते. फायबरवर लांबवर लेप दिला तर गळती कुठल्या पाईपशी आहे तेही कळेल ना?

प्रकाशवाट
कळेल, आणि त्यावर काम झालंय. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे परत यायला एक मायक्रोसेकंद लागला तर जागा शंभर मीटरवर. पण खाडीपलीकडच्या दादांचा कारखाना फार तर पन्नासएक मीटरचा असेल. एवढ्या लहान जागेत पाच वेगळे यू फायबर पाच ठिकाणी लावणं स्वस्त आणि सोपं.

आता दमट हवा. गंमत अशी की पूर्ण कोरड्या हवेत हा लेप नीट चालतच नाही. अमोनिया रंगाशी प्रतिक्रिया करायला लेपात थोडं पाणी लागतं. कोकणात पाणी भरपूर, पण ते दिवसागणिक बदलतं. एप्रिलमध्ये दुपारी आर्द्रता कमी, जुलैत खूप जास्त. लेप पाणी घेऊन फुगतो, त्याचा अपवर्तनांक बदलतो, आणि गॅस नसतानाही उजेड कमी-जास्त होतो. यावर तीन गोष्टी एकत्र कराव्या लागतात. लेप साध्या सिलिकाचा न करता मिथाइल गट असलेल्या सिलिकाचा करायचा, तो पाणी कमी धरतो. बाहेरून टेफ्लॉनचं सच्छिद्र पटल लावायचं, त्यातून वायू जातो पण पाण्याचा थेंब आणि मिठाचे कण अडतात. आणि शेजारी रंग न घातलेल्या लेपाचा दुसरा फायबर ठेवायचा, तो फक्त आर्द्रता सांगेल, ती पहिल्यातून वजा करायची. शिवाय त्याच फायबरमधून ८५० नॅनोमीटरचा दुसरा प्रकाश पाठवायचा. रंग त्याला शोषत नाही. एलईडी म्हातारी झाली किंवा फायबर कोणी वाकवला तर दोन्ही प्रकाश कमी होतात. अमोनिया आला तर एकच.

लेप जाड केला तर संकेत मोठा येतो, पण वायूला आत शिरायला आणि बाहेर पडायला वेळ लागतो. भोंग्यासाठी पातळच ठेवा. आणि रंग उजेडाने उडतो, म्हणून एलईडी सतत न लावता थोड्या थोड्या वेळाने क्षणभर पेटवायची.

लाटेवरची
ताई, एवढं सगळं करून एक पावसाळा निघेल?

प्रकाशवाट
प्रयोगशाळेतल्या आर्द्रतेच्या पेटीत निघतो. खाडीच्या मुखाशी, खाऱ्या वाऱ्यात आणि खऱ्या कारखान्यात तो काढून दाखवायलाच हवा. म्हणूनच हा धागा मला महत्त्वाचा वाटतो. बहुतेक सेन्सर वातानुकूलित खोलीत जन्मतात आणि तिथेच राहतात.

शंकेखोर
मी इतका वेळ विरोध करतोय, पण फायबरच्या बाजूनेही बोलतो. अमोनिया ओल्या हवेत तांबं आणि पितळ खातो, म्हणून या कारखान्यांत पितळी व्हॉल्व्ह लावत नाहीत. डिटेक्टरच्या आत मात्र तांबंच. काचेला त्याचं काही नाही. मे महिन्याच्या शेवटी वळिवाच्या विजा पडतात तेव्हा लांब वायरींतून डिटेक्टर जळतात, फायबरमधून वीज येत नाही. आणि हवेत १५ ते २८ टक्के अमोनिया झाला तर तो पेटू शकतो, तिथे ठिणगी नसलेली वस्तू बरी.

पण निरीक्षक आला तर त्याला प्रमाणित डिटेक्टरच दाखवावा लागेल. तो घ्या, फायबर जोडीला ठेवा. त्याच्या आतला गॅस ओळखणारा इलेक्ट्रोकेमिकल सेल साधारण दोन वर्षांत बदलावा लागतो, ती तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा.

बोंबीलप्रेमी
एक साधा प्रश्न. सेन्सर वर लावायचा की खाली? अमोनिया हवेपेक्षा हलका ना?

शंकेखोर
चांगला प्रश्न. वायू म्हणून हलकाच, म्हणून एक छताजवळ. पण द्रवरूप अमोनिया फुटून बाहेर पडला तर तो उणे ३३ अंशांना उकळतो आणि हवेतल्या बाष्पासह थंड पांढरं धुकं करतो. ते जमिनीलगत सरपटतं. आपल्याकडच्या दमट हवेत तर नक्कीच. म्हणून दुसरा गुडघ्याच्या उंचीवर.

देवबागचो
ता धुक्या मी बघलंय. तेच्यात धावूचा नाय. रुमाल भिजवन नाकार धरूचो, वाऱ्याच्या आडव्या दिशेन भायर पडूचा. पाणी मारूचा ता धुक्यावर, द्रवावर मारूचा नाय, नायतर अजून उकळता. नवीन पोरांका ह्या कोण शिकवनत नाय. खाडीपलीकडच्या भावानू, फायबर लावा, पण आधी पोरांका ह्या शिकवा.

गुहागरची_सून
देवबागचो, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

खाडीपलीकडचा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल कार्यकारिणीत हा धागा मोठ्याने वाचला. ठरलं ते असं: प्रमाणित डिटेक्टर दोन, एक छताजवळ, एक खाली. जनरेटरचं धुराडं वळवणार. टाकीच्या पाण्याची आठवड्याला तपासणी आणि वारा दाखवणारी कापडी पिशवी गच्चीवर. मुलांना शिकवायला देवबागच्या दादांना एक दिवस बोलवायचं आहे, येण्याजाण्याचा खर्च सोसायटीचा. आणि ऑईल काढायच्या जागेजवळ दोन फायबर, एक रंगाचा, एक बिनरंगाचा. पुतणी तिच्या प्रकल्पासाठी पूर्ण पावसाळा त्याची नोंद ठेवायला तयार आहे. तिच्या गाइड बाईंना प्रकाशवाट ताईंचा प्रतिसाद दाखवलाय.

अडलंय ते एवढंच, की ६०० मायक्रॉनचा प्लास्टिक आवरणाचा फायबर पूर्ण रीळ घ्यावा लागतो, आणि आम्हाला हवेत चार-पाच मीटर.

प्रकाशवाट
माझ्याकडे रिळाचं शेपूट उरलंय, दहाएक मीटर सहज. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा. लेपासाठी रंग आणि सिलिकाचं प्रमाणही सोबत लिहून देते. एक अट: ऑगस्टमधले आकडे, चांगले आले तरी, वाईट आले तरी, इथेच टाकायचे.

खाडीपलीकडचा
कबूल, ताई. व्यनि केलाय.

देवबागचो
मी येतंय. पण नारळी पुनवेच्या आधी बोलवा, मगे होडये सुटतत आणि माका येळ गावचो नाय.